वाजवणारे जेवतात कुठे?

आई गेल्यावर भावनानं वडिलांना, कडूबांना, जालन्याहून नॉटिंगहॅमला आणलं. तेव्हापासून घरात दोघांनाही स्वस्थता नव्हती. ती लॅपटॉपवर कॉलमध्ये असायची आणि मागे बाबांच्या फेऱ्या चालू: खिडकी ते दार, दार ते खिडकी.

शनिवारी तर फारच. समोरच्या हॉलमध्ये पोर्तुगीज मंडळींची बोंबोची प्रॅक्टिस असायची. बोंबो म्हणजे पोटासमोर अडकवून बडवायचा भला थोरला ढोल. सगळे एकदम सुरू झाले की काचा थरथरायच्या. बाबा खिडकी लावून घ्यायचे. भावनाची बोटं मात्र टेबलावर ठेका धरायची. एका शनिवारी ती उठली आणि सरळ हॉलमध्ये गेली. त्यांचा म्होरक्या आदेलिनो, एरवी डिलिव्हरी व्हॅन चालवणारा. त्यानं काही न विचारता तिच्या खांद्यावर पट्टा चढवला.

तिच्या तळहातावरचे फोड बघून बाबांना ते कळलं.

"ढोल वाजवतेस तू?"

"बाबा, इथं सगळे हौसेनं वाजवतात."

"हौस! गावात मयत असो की लगीन, माझ्या बापाला हलगी घेऊन जावंच लागायचं. नाही म्हणायची सोय नव्हती. वाजवून झालं की जेवायला पंगतीपासून लांब, उकिरड्यापाशी. मग एक दिवस अख्ख्या वस्तीनं हलग्या जाळल्या. मी पाहिलंय ते. आणि तू इथं येऊन हौसेनं अडकवतेस?"

 पुढच्या शनिवारी भावना हॉलमध्ये गेली नाही. ढोल सुरू झाले तशी उठली, बसली, धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागली. बाबा बघत होते. एकदम त्यांनी कोट चढवला.

"चल. त्या माणसाला विचारायचंय मला."

हॉलच्या दारातच ते थांबले. "विचार त्याला, तुम्हाला वाजवायला बोलावतं कोण?"

भावनानं इंग्रजीत विचारलं. आदेलिनो हसला. "कोणी नाही. आम्हीच निघतो."

"नाही म्हणता येतं?"

"येतं की. माझा भाऊ कधीच येत नाही."

"वाजवून झाल्यावर जेवता कुठे?"

हे आदेलिनोला कळेना. बाबा असं का विचारताहेत ते भावनानं सांगितलं.  त्याचं हसू मावळलं. त्यानं आतल्या लांब टेबलाकडे हात केला. "इथं. सगळे एकत्र. तुम्हीही बसा, सर."

बाबा बसले. मासे-बटाटे मुकाट्यानं खाल्ले. निघताना म्हणाले, "मी ढोलाला हात लावणार नाही. तुझं तू ठरव."

जूनमध्ये पोर्तुगीज मंडळींच्या संताची मिरवणूक निघाली. सगळ्यात पुढे बोंबो, पहिल्या रांगेत भावना. ठेका दोनदा चुकला. वळणावर तिला बाबा दिसले. फुटपाथवरून तिच्या बरोबरीनं चालत होते, मधेच थांबत, पुन्हा लगबगीनं गाठत. चेहऱ्यावर राग होता की आणखी काही, तिला कळेना.

मिरवणूक संपल्यावर तिनं घाम पुसत विचारलं, "बाबा, कसं वाटलं?"

त्यांनी तिच्या ढोलाकडे पाहिलं. मग म्हणाले, "माझा बाप फार चांगला वाजवायचा गं. हे मी कुणाला कधी सांगितलंच नाही."