बेचाळीस गुणसूत्रं

रोवेनाचा शोधनिबंध आज दुपारी पाठवायचा होता. नॉरफकच्या प्रयोगशाळेत तिने गहू आणि रानगवताचा संकर केला, गुणसूत्रं दुप्पट केली आणि नवाच गहू घडवला. त्यात रानगवताकडून आलेलं एक जनुक गप्प बसतं, म्हणजे असूनही काम करत नाही, हा तिचा तीन वर्षांचा शोध.

"गुणसूत्रं मोजलीस ना गं?" प्रयोगशाळेतल्या म्हाताऱ्या मदतनिसाने, मेरिकने, चहा ढवळत विचारलं.

"पहिल्या पिढीत मोजली. बेचाळीस भरली."

"आणि जनुक तपासलंस चौथ्या पिढीत! अशी रोपं वाटेत गुणसूत्रं सांडतात, बाईसाहेब. मोजायला म्हणून कालच चौथ्या पिढीतल्या एका रोपाच्या मुळांची टोकं रंगवून ठेवलीत मी."

रोवेनाने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. चाळीस. पुन्हा मोजली, दुसऱ्या पेशीतही मोजली. चाळीसच.

जनुक गप्प होतं, की ते ज्यावर असतं ती गुणसूत्रांची जोडीच हरवली होती? तिच्या शोधनिबंधावरून ते कुणालाच सांगता येणार नव्हतं.

"कुणाला कळणार नाही म्हणा," मेरिक तिच्याकडे रोखून बघत म्हणाला.

"तुम्हाला कळलंय. मलाही." शोधनिबंध न पाठवताच तिने संगणक मिटला. "उरलेल्या अकरा रोपांची टोकंही काढा."