आखीलची शेवटची बाटली

नवरा आखील वारला, तेव्हापासून त्याची काळी, कडक बिअर गोडलीव्हला काही साधेना. मोड आणलेल्या सातूचं माल्ट तेच, साखर तीच, परसातल्या धुण्याच्या खोलीतलं पातेलंही तेच. पण चव परक्या घरची. नवऱ्याचा जुना दोस्त रेमी, तोही घरी बिअर करणारा. त्याने विचारलं, "यीस्ट कुठलं घालतेस?"

"दुकानातलं."

रेमीने कपाळावर हात मारला. "अगं बाई, बिअर आपण करतो होय? ती यीस्ट करतं! आखीलने आयुष्यभर एकच यीस्ट पाळलं होतं, मांजर पाळावं तसं."

ते यीस्ट आखीलच्या आजारपणात मेलं. तळघरात त्याच्या हातची एकच बाटली उरली होती. तिच्या तळच्या गाळात यीस्ट जिवंत असलं तर ठीक, नाहीतर आखीलची बिअर कायमची संपली.

म्हणून रविवारी दुपारी गावातली बिअर करणारी मंडळी चव घ्यायला तिच्या स्वयंपाकघरात जमली. माल्टचा गोड काढा उकळून, गार करून रेमीने बरणीतून आणला होता. गाळ त्यात सोडायचा होता. एरवी ही मंडळी चीज मोहरीच्या चटणीत बुडवतात आणि एकमेकांच्या बिअरला खुशाल नावं ठेवतात. त्या दिवशी सगळ्यांचे डोळे त्या एका बाटलीवर.

रेमीने बाटली जराही न हिंदकळवता पेले भरले. शेवटचा पेला गोडलीव्हचा, तो थोडा गढूळ झाला. तळचं बोटभर राखून त्याने बाटली ओट्यावर ठेवली. पहिला घोट पोटात गेला आणि जिभा सुटल्या.

"मनुका!"

"कसल्या मनुका? जळकी साखर आहे ही. तुझी जीभ दाखव डॉक्टरला!"

अशी जुंपली असताना गोडलीव्ह उठली, बाटली नळाखाली धरून खळखळ विसळली आणि पालथी घातली.

बिअर ओतली की बाटली तिथल्या तिथे विसळायची, गाळ वाळला तर निघत नाही, हा आखीलचाच दंडक. सारा संसार त्यात गेला. हात आपले आपणच चालले.

"गोडलीव्ह!" रेमी ओरडला.

तिने पालथ्या बाटलीकडे पाहिलं. "मीच घालवला रे त्याला."

रेमीची नजर पेल्यांवर गेली. सगळ्यांचे पेले रिकामे होते. भरलेला होता फक्त तिचा. घोट घ्यायचा तिला धीरच झाला नव्हता.

"यात थोडं यीस्ट उतरलं असेल," रेमी चाचरत म्हणाला. "पण आधी एक घोट घे. पुन्हा मिळेल न मिळेल."

"कशी आहे?"

"त्याच्यासारखीच. आधी गोड बोलते, मग हट्टाला पेटते."

गोडलीव्ह हसली, डोळे पुसले, आणि अख्खा पेला बरणीत रिकामा केला. एक थेंबही तिने जिभेला लावला नाही.

बरणी शेगडीजवळ उबेला ठेवली. दिवसांमागून दिवस गेले, काढा ढिम्म. रेमी रोज यायचा, बरणीत डोकावायचा आणि हवापाण्याचं बोलून निघून जायचा. शेवटी एकदा म्हणालाच, "टाकून दे गं. उगीच जीव जाळतेस."

"लग्नाला तो किती उशिरा आला होता, विसरलास? पाद्री घरी निघाले होते. असू दे अजून."

एका सकाळी ती कॉफी करायला आली, तर काढ्यावर पांढुरका फेस चढलेला. बरणीला कान लावला. आत बारीक चुरचुर चालली होती.

"आलास एकदाचा!" ती त्याच्यावर कडाडली, आणि बरणी पोटाशी धरून मनसोक्त रडली.