फोटोतली लाल-पांढरी मापकाठी

“ही काठी कुनी ठिवली मधी? दोनदा ठेचकाळलो,” अजिनाथकाका पुटपुटले आणि त्यांनी मला पायानंच भिंतीकडं सरकवलं. त्यांच्या हातात चहाचे कप होते, म्हणून मी राग धरला नाही.

मित्रांनो, ती ठेच म्हणजे मी, एक जुनी मापकाठी. जमीन खणून जुन्या वस्त्या शोधणारी माणसं फोटो काढताना मला शेजारी उभी करतात. मग पाहणाऱ्याला कळतं, भिंत केवढी, चूल केवढी. मी नसेन तर फोटोतला रांजण तांब्याएवढाही वाटेल.

माझा जन्म नगरला, नूरुद्दीन पेंटरांच्या दुकानात झाला. सागाची सरळ पट्टी आणि तिच्यावर एक लाल, एक पांढरा असे दहा पट्टे. बरोबर एक मीटर. नूरुद्दीनभाई एरवी गप्पा मारत दुकानांच्या पाट्या रंगवायचे, पण माझ्या रेघा मारताना त्यांनी श्वास रोखला होता.

मग शेवगावकडच्या एका पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर माझे सुखाचे दिवस गेले. विजयमालाबाई खोदकामाच्या प्रमुख. “काठी तिरकी धरू नका रे, ती काय म्हसरं हाकायची आहे?” असं त्या ओरडायच्या. हजारो वर्षांपूर्वीच्या चुली, घरांच्या जमिनी, जमिनीखाली पुरलेले रांजण, सगळ्यांशेजारी मी उभी राहिले. कौतुक मडक्यांचं व्हायचं. पण फोटोत मी असायचीच.

एका दुपारी खड्ड्याची भिंत ढासळली. माणसं वाचली, माझं खालचं टोक मोडलं. दुसऱ्याच दिवशी मोठे पाहुणे येणार होते. टोक करवतीनं सपाट केलं आणि नूरुद्दीनभाईंना बोलावणं गेलं. “दहा पट्टे दिसले पाहिजेत,” बाई म्हणाल्या. भाईंनी दहाच रंगवले, प्रत्येक जरासा आखूड. मी चांगली चार बोटं कमी झाले होते, पण दिसायला होते तशीच. पाहुणे गेले की नवी करू, असं ठरलं. मित्रांनो, आपल्याकडचं ‘नंतर करू’ किती लांबतं ते तुम्हालाही ठाऊक आहे. पुढच्या सगळ्या हंगामांत मीच उभी होते. आणि मोठाली घरं सापडली ती नेमकी त्याच हंगामांत.

पुढं मी अडगळीत पडले. नकाशांचे कागद वाळवीनं खाल्ले, उरले फक्त फोटो. माझ्या पट्ट्यांवरून मापं काढून बाईंनी पुस्तक लिहिलं. एवढी मोठी घरं, तीही त्या काळात, म्हणून त्यांचं नाव झालं.

आता देशभरातल्या उत्खननांच्या नोंदी संगणकावर एका जागी जमा होताहेत. नगरच्या या खोलीत नूरुद्दीनभाईंची मुलगी शहजादी ते फोटो स्कॅन करते. तिनंच मला अडगळीतून काढून पुसलं. “माझ्या अब्बांचा हात आहे हा,” म्हणाली. कौतुकानं मला टेप लावली, मी मीटरभर नाही हे पाहिलं, आणि टेप गुंडाळून ठेवली.

अजिनाथकाकांनाही ठाऊक आहे, ते खोदकामावर मजूर होते आणि भिंत ढासळली तेव्हा खड्ड्यातच होते. बाई निवृत्त झाल्या तरी रोज येतात, आणि माझ्याकडं पाठ करून बसतात.

आज सगळं दिल्लीला पाठवायचं आहे. पडद्यावर एकच प्रश्न उरलाय: काठी मोजून पाहिली, ती एक मीटर भरली, होय की नाही? ‘होय’ म्हटलं, की देशभरची मुलं संगणकावर माझ्या खोट्या मापानं ती घरं पुन्हा उभी करणार.

“मॅडम, इथं काय करू?”

“कर की होय.”

“मोजून पाहिली का, असं विचारलंय.”

“पोरी, व्हय कर आन मोकळी हो,” काका म्हणाले. “लाकूड काय साक्षीला येतंय?”

शहजादीचं बोट माऊसवर तसंच थांबलं. बाईंचा चहा कधीच गार झाला होता.

मित्रांनो, वस्तू मोडली तर जरूर सांधा, रंगवा. पण मोडली होती, हे कुठंतरी लिहूनही ठेवा. रंगाखाली झाकलेलं तुटकं टोक फार ठणकतं.

बाई उठल्या. इतक्या वर्षांनी त्यांनी मला हातात घेतलं.

“‘नाही’ कर, शहजादी,” त्या म्हणाल्या. “ही मीटरभर नाही. तुझ्या अब्बांनी माझ्या सांगण्यावरून तसे पट्टे मारले. माझ्या पुस्तकातली घरं खऱ्या घरांपेक्षा मोठी आहेत.”