हरिबाच्या तळहातावरचा डाग

मित्रांनो, मी एक जुनी डागणी आहे. हरिबा मेंढपाळाच्या छपराच्या आढ्यात खोचलेली, गंजून तांबडी झालेली. मेंढरू लंगडू लागले की मला विस्तवात तापवून त्याच्या पायाला टेकवत. एवढेच माझे काम.

निजामाचे राज्य होते तेव्हा धारूरच्या लोहाराने बैलगाडीच्या चाकाच्या तुटक्या लोखंडी धावेतून मला घडवले. बाभळीची मूठ हरिबाने स्वतः बसवली. वस्तीतले म्हातारे धुळाजीबाबा मला हातात घेऊन म्हणत, "दुखण्याची वैरीण हाय ही!" मला मागायला दूरदूरचे लोक येत. सुजलेला पाय, चिघळलेला खूर, म्हणजे जे दिसते तेच दुखणे, असे मला वाटे. लोखंडाला याहून जास्त कळत नाही.

मग हरिबाच्या नऊ वर्षांच्या लेकीचे, अंजनाचे पाय गेले. कोकरांमागे धावणारी पोर एका सकाळी बसली ती उठेना. "माय, पाय माझे वाटतच न्हाईत. आतून लई ठणकतं," ती म्हणाली. आईने, कडूबाईने, तेल चोळले. हरिबाने तिला पाठीवर घेऊन धारूरच्या हकिमाकडे नेले. हकिमाने नाडी पाहिली, बोटे ओढून पाहिली आणि सांगितले, "पोरीला कायबी न्हाई."

त्या दिवसापासून घर बदलले. हरिबा म्हणे, "मेंढरू कधी खोटं लंगडत न्हाई. ही माझी लेक असून सोंग करती." वस्तीतली पोरे तिला सोंगाडी म्हणत. कडूबाई आधी त्यांच्याशी भांडली. पुढे तिचेही तेल चोळणे थांबले. भाकरी पुढ्यात ठेवून ती निघून जाई.

अंजनाने रडणे सोडले. एकदा मांडीवरच्या कोकराला ती म्हणाली, "माझ्याजवळ नगं बसू. मी सोंगाडी हाय." आवाजात राग नव्हता. काहीच नव्हते.

एका दुपारी ती सरपटत चुलीपाशी आली. काठीने मला आढ्यातून खाली पाडले आणि निखाऱ्यांत ठेवले. मी लाल झाले तसे मूठ धरून उचलले आणि परकर गुडघ्यापर्यंत ओढला. तेवढ्यात हरिबा घागर घेऊन आत आला.

"कावून गं? काय करतीस?"

"डाग पडला की दिसंल, बा. मग तू खरं धरशील."

घागर खाली पडून फुटली. मूठ तिच्या हातात होती, म्हणून हरिबाने मला लोखंडालाच धरून ओढले. मी तापलेली होते, मित्रांनो. मला दुसरे काही करता येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सगळी वस्ती त्याचा तळहात बघायला आली. "हळद लावली का रं?" "लई ठणकत असंल!" धुळाजीबाबा तर दिवसातून दोनदा येत. अंजना कुडाला टेकून बघत राही.

तिसऱ्या दिवशी हरिबा म्हणाला, "बाबा, हात दिसतोय म्हणून इचारता. हिला तीन महिने कुणी इचारलं न्हाई. मीबी न्हाई."

 बाबा काठी टेकत उठले आणि तिच्याजवळ जाऊन बसले. "लई दुखतंय का गं, पोरी?"

 ती म्हणाली, "व्हय."

कुणी हसले नाही.

तिचे पाय लगेच बरे झाले नाहीत. काही दिवस ती चाले, काही दिवस बसून राही. बसायच्या दिवशी हरिबा तिला खांद्यावर घेऊन मेंढरांमागे जाई. कडूबाईने तेलाची वाटी पुन्हा काढली. दुखणे कशाचे, ते शेवटपर्यंत कुणालाच कळले नाही. मला मात्र त्या दुपारनंतर कुणी विस्तवात घातले नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला पुसा, तेल लावा, जपा. माझे मागणे वेगळे आहे. मला गंजू द्या. तुमच्याजवळचे कुणी "दुखतंय" म्हणाले, तर आधी डाग शोधू नका. माझ्या वाट्याचे तेल त्याच्या पायांना लावा.