कड्यावरून गेलेलं विमान

इंद्रजितची सुट्टी दोन वर्षं नुसती ठरत होती. बंगळूरहून मोठी प्रवासी विमानं नेणाऱ्या माणसाला सुट्टीतही उडायचंच कसं सुचतं, हे शेफालीला, त्याच्या बायकोला, कळत नसे. तो म्हणायचा, ती नोकरी झाली, उडणं वेगळं. शेवटी मेमध्ये रजा मिळाली आणि त्याने बेत पक्का केला. जिथे उडायला शिकला त्या पुण्याजवळच्या क्लबातून एका सकाळी छोटं विमान घ्यायचं, वेल्ह्याच्या डोंगरांवरून चक्कर मारायची, आणि मग गाडीने कोकणचा किनारा धरायचा. श्रीवर्धन, हरिहरेश्वर, केळशी, आंजर्ले. येताना महाडहून वरंधा घाट चढून भोरमार्गे घरी.

घर म्हणजे तोरण्याच्या मागच्या अंगाला, कड्याच्या धारेवरचा धनगरवाडा. सहा-सात छपरं. त्यातल्या एकात वडील कोंडिबा, सगळ्यांचे आबा, थोरला भाऊ गोरख, वहिनी मंगल आणि त्यांच्या शेळ्या. तिथून शिष्यवृत्त्यांवर शिकत इंद्रजित वर गेला होता. डोक्यावरून विमान गेलं की वाड्यावरची माणसं हातातलं काम टाकून मान वर करायची, मग ते कुणाचं का असेना.

आदल्या दिवशी त्याने फोन केला. "दादा, उद्या सकाळी आबांना माळावर उभं कर. मी येतोय. वरून."

"वरनं म्हंजी?" गोरखने विचारलं.

"विमानातून. नीट दिसेन असा येतो."

सकाळी आभाळ स्वच्छ होतं. पानशेतचं पाणी मागे पडलं, तोरणा अंगावर आला, आणि त्यापलीकडे कडा एकदम तुटून खाली कोकण पसरलं. इंद्रजितला छपरं दिसली, माळावरचं पांढरं पागोटं दिसलं. त्याने विमान खाली घेतलं.

"एवढं खाली चालतं?" शेफालीने विचारलं.

"चालत नाही. पण इथे कोण बघतंय?"

पहिल्या फेरीने त्याचं समाधान झालं नाही. तो वळून आला, आणखी खाली आला, आणि छपरांवरून जाताना इंजिनाला सगळा जोर दिला. शेफाली हसत ओरडली, "अरे, शेळ्या बघ कशा उधळल्यात!" त्याने पंख डावी-उजवीकडे हलवून आबांना सलाम केला आणि पुण्याच्या दिशेने वर चढला. इतकं बरं त्याला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते ताम्हिणीने कोकणात उतरले. समुद्र उजव्या बाजूला लपत-उगवत राहिला. हरिहरेश्वरला खडकांवर बसून मावळता सूर्य बघताना फोन वाजला. गोरख. इंद्रजितने वाजू दिला. पुन्हा वाजला, पुन्हा वाजू दिला.

"घे की," शेफाली म्हणाली.

"कौतुक करायला केला असेल. नाहीतर कुणाच्या तरी पोराला विमानतळावर चिकटव म्हणेल. एक आठवडा तरी मला सुट्टी असू दे." त्याने निरोप लिहिला, 'रेंज नाही. आल्यावर बोलू,' आणि सूर्यास्ताचा फोटो स्टेटसला टाकला. त्यानंतर गोरखचा फोन आला नाही. त्यांनी बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत चढवली, केळशीला सुरमई खाल्ली, आंजर्ल्याच्या वाळूत दुपारभर लोळले. घरच्यांसाठी काजू आणि कोकमं घेतली.

घाट चढून भोर, मग नसरापूर, वेल्हे, आणि पुढे रस्ता संपतो तिथे त्यांनी गाडी उभी केली. पायवाटेवर शेजारची बयाबाई मोळी टेकून दम खात बसली होती.

"आलास व्हय? लई उशीर केलास रं," ती म्हणाली. "आबा पडलं. बिबट्या आला हुता. शेळ्या कड्याकडं सुटल्या, म्हातारा आडवा पळाला. शेळ्या गेल्या खाली, ह्याचा खुबा मोडला." एवढं सांगताना तिने त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

इंद्रजित धापा टाकत वर पोचला. कोंडिबा खाटेवर उताणे पडले होते. भोरला ऑपरेशन होऊन घरी आणलं होतं. परसात वाघरात, म्हणजे दोरीच्या जाळीत, चार-पाच शेळ्या उरल्या होत्या.

"आलास? दर्या बगितलास का?" कोंडिबांनी विचारलं.

"आबा, हे काय होऊन बसलं! वनखात्याला कळवलंत का? पिंजरा लावायला पाहिजे. मी बोलतो वरच्या साहेबांशी. माणसं मेली तरी यांना जाग येत नाही." बोलता बोलता त्याचा आवाज चढला. मंगल पाण्याचा तांब्या ठेवून आत गेली.

दारात गोरख उभा होता. "पिंजरा केवढा लावनार?" तो म्हणाला. "ह्या बिबट्याला पंख हुते."

इंद्रजितला कळायला क्षणभर लागला. कळलं तेव्हा तोंडून जे आलं ते त्याचं त्यालाही नवं होतं. "दादा, मी नियमाच्या उंचीवर होतो. तेवढ्या आवाजाने शेळ्या उधळत नसतात." प्रवाशांना सूचना देतो तसा शांत, घोटीव आवाज. शेफाली शेजारीच होती. तिने मान खाली घातली.

"बोंबलतोस कशाला, गोरख," कोंडिबा म्हणाले. मग इंद्रजितकडे वळले. "म्या शाळंत गेलो न्हाई. पर तुज्या पंखाखालची अक्षरं हायती ना, ती एकेक दिसली मला. एवढा जवळ आलतास. ते असू दे. समद्या वाड्याला सांगितलंय, बिबट्या म्हना. भोरच्या डाक्टरालाबी तेच सांगितलं. तुज्या नोकरीवर बालंट नको."

"झोळी करून खाली उतरवलं ह्यास्नी," गोरख म्हणाला. "दुसऱ्या दिशी संध्याकाळी आपरेशनला आत न्हेलं, तवा तुला फोन लावला. तू लिवलंस, रेंज न्हाई. लगीच तुजा समुद्राचा फोटू आला. मंगलनं दावला."

इंद्रजितने मान हलवली. त्याला रडू यायला हवं होतं. आलं ते हायसं. वाड्यावर कुणी बोलणार नाही, हे ऐकून छाती मोकळी झाली, आणि ती मोकळी झाल्याची त्याला किळस आली.

सकाळी वनरक्षक आला. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. कड्याखाली उतरून आणि माळावर बराच वेळ फिरून तो परत आला.

"कुठे ठसा नाही, ओढल्याची खूण नाही. खालच्या शेळ्यांच्या मानेच्या हाडांवर दातांची खूणसुद्धा नाही. साहेब, तुम्ही शिकलेले आहात, तुम्हीच सांगा."

खाटेवरून कोंडिबा बघत होते. गोरखही बघत होता. तेव्हा खरं बोलून टाकणं काही अवघड नव्हतं. ते दोन वाक्यांचं काम होतं.

"बिबट्याच," इंद्रजित म्हणाला. "आबांनी पाहिलाय."

"मग पिंजरा लावतो. आमिषाला एक शेळी द्यावी लागेल."

गोरखने वाघरातली एक धडधाकट शेळी सोडली आणि दावं वनरक्षकाच्या हाती दिलं. तिचं करडू तिच्यामागे निघालं, तेव्हा मंगलने ते उचलून पोटाशी धरलं.

दुपारी इंद्रजित म्हणाला की त्याला ड्युटीवर तातडीने बोलावलंय. फोन आलेला नाही, हे शेफालीला ठाऊक होतं. रजेचे दिवस उरलेत, हेही.

"तू जा," ती म्हणाली. "मी आबांपाशी राहते."

"किती दिवस?"

 पदर खोचून ती मंगलसोबत पाणी आणायला निघून गेली.

कोंडिबांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, जपून जा म्हणाले. गोरखने त्याची बॅग खांद्यावर घेतली आणि पायवाटेने गाडीपर्यंत त्याच्या पुढे चालत राहिला.  गाडीत बॅग ठेवून झाल्यावर म्हणाला, "आबा इचारत हुते, पुन्यांदा इमान घिऊन कदी येनार म्हून."

"काय सांगितलंस?"

"म्या कशाला सांगू?" गोरख म्हणाला, आणि डोंगर चढायला लागला.