राहिलेला एक चेंडू

मित्रांनो, मला फक्त सहापर्यंत मोजता येते. त्यापुढे कधी काम पडले नाही. मी क्रिकेटच्या पंचांचा एक जुना काउंटर आहे, तळहातात मावेल एवढा. प्रत्येक चेंडूनंतर पंच अंगठ्याने माझे चाक एक घर पुढे सरकवतात आणि माझ्या खिडकीतला आकडा बदलतो.

एका लहान कारखान्यात माझी पितळी चाके बसवली गेली. जोडणाऱ्या बाईने मला पन्नासदा फिरवून पाहिले, मगच डबीत घातले. मला विकत घेणारे मामा कामगारांच्या सामन्यांत पंच असत. बावीस वर्षे मी त्यांच्या घामात भिजलो. त्यांचे गुडघे थकले तेव्हा त्यांनी मला भाचीच्या हातावर ठेवले. ती पंचांची परीक्षा पास झाली होती. घरचे तिला चिडवत, की हिने दिवसभर उन्हात उभे राहायची नोकरी शोधली.

भाची मला मैदानोमैदानी घेऊन गेली. हळूहळू माझ्या चाकाचा एक दात झिजला. घड्याळजीने भिंगातून पाहिले आणि मान हलवली.

"बाई, माणसाचा दात झिजला तर नुसतं जेवण अडतं. याचा झिजलाय, तर हिसक्यासरशी चाक घसरेल. नवा घ्या."

"मामाचा आहे हो. तो मला तोंडघशी नाही पाडायचा," भाची म्हणाली. तिने मला पुसले आणि खिशात घातले.

मग ती मोठी स्पर्धा आली. धावणारे, पोहणारे, कुस्तीगीर, सगळ्या देशांचे खेळाडू एका शहरात जमले होते, आणि त्यात महिलांचे क्रिकेटही होते. भाचीला कांस्यपदकाचा सामना मिळाला. एवढा मोठा सामना तिला पहिल्यांदाच मिळत होता.

दुसऱ्या डावाचे पंधरावे षटक होते. पाचवा चेंडू फलंदाजाच्या बोटावर आदळला. या मुलीला तिच्या संघातल्या सगळ्या जणी ठेंगणी म्हणत. तिचे नख उखडले आणि रक्त आले. भाचीने मला पाचवर आणले. ठेंगणीचा हातमोजा धरायला तिने मला घाईने डाव्या हातात घेतले. त्या हिसक्याने माझे चाक घसरले आणि खिडकीत सहा आले. मला ते कळले, पण मला तोंड कुठे आहे?

पट्टी बांधून झाली. उशीर झाला म्हणून दुसरा पंच सीमारेषेवरच्या अधिकाऱ्यांशी बोलायला गेला होता. भाची स्वतःशी "पाच" असे पुटपुटली. मग तिने माझ्याकडे पाहिले. क्षणभर घुटमळली आणि तिने षटक संपल्याचे पुकारले.

गुणलेखकांनी कळवले तोवर पुढच्या षटकाचा चेंडू पडून गेला होता. नियमाने आता काही बदलता येत नव्हते. ठेंगणी शेवटपर्यंत नाबाद राहिली आणि तिचा संघ एका धावेने हरला.

सामन्यानंतर ती पंचांच्या खोलीच्या दारात आली. पॅडसुद्धा सोडले नव्हते.

"ताई, माझा एक चेंडू राहिला होता ना?"

"हो," भाची म्हणाली. "राहिला होता."

ठेंगणीने मान डोलावली आणि ती निघून गेली. ती भांडली असती तर बरे झाले असते.

सामनाधिकारी भले गृहस्थ होते. त्यांनी मला फिरवून पाहिले. यंत्र बिघडले असे लिहा, तुमच्यावर ठपका येणार नाही, असे त्यांनी समजावले. भाचीने ऐकले नाही. "मला पाच आठवत होते," ती म्हणाली, "तरी मी हातातला आकडा खरा धरला." तसेच तिने लिहून दिले.

त्यानंतर तिला कोणी बोलावले नाही. शाळेच्या सामन्यालाही नाही. मी आता किल्ल्यांच्या ताटलीत पडून असतो. माझ्या पितळेवर कळंक चढला आहे. तिने मला फेकले नाही आणि पुन्हा हातातही घेतले नाही.

मित्रांनो, वस्तूवर माया असेल तर ती झिजल्यावर तिला कामावरून उतरवा. तेही जपणेच आहे. आणि मनातला आकडा हातातल्या आकड्याशी जुळला नाही, तर लाजू नका. खेळ थांबवा, दुसऱ्याला विचारा. त्या दिवशी विचारायला अर्धे मिनिट लागले असते.