काचेवर न टेकवलेली सुई

प्रयोगशाळेत तिला सगळे सुईबाई म्हणत. तिची सुई साधीसुधी नव्हती. केसाहून हजारो पटींनी बारीक, साध्या भिंगाखाली टोकही दिसायचं नाही. यंत्र ती सुई सिलिकॉनवर हळूच टेकवायचं आणि उचलायचं. दाबताना ते किती मऊ हे कळायचं, सुटताना किती जोर लागला त्यावरून किती चिकट हे. दिवसभर हेच टेकव-उचल. या कामाला माझ्यासारखं चिकट माणूसच लागतं, असं ती स्वतःच हसून सांगायची.

त्या दुपारी दोन वाजता तिने सवयीने सुई स्वच्छ काचेवर टेकवून पाहिली. आकडा नेहमीच्या निम्माही नव्हता. तिने पुन्हा टेकवली, पुन्हा तेच.

याचा अर्थ तिला कुणी सांगायची गरज नव्हती. सिलिकॉनचा तेलकट थर टोकाला बसला होता. मग सुई सुई राहत नाही. सिलिकॉनवर सिलिकॉन टेकतं आणि अलगद सुटून येतं. म्हणून तर दर दहा नमुन्यांनंतर एकदा काचेवर तपासायचं, हा तिथला नियम. गेल्या गुरुवारी आलेख इतके देखणे येत होते, की हिने चाळीस नमुने एका दमात उरकले होते, आणि त्यानंतर ही सुई आजच पुन्हा वापरायला घेतली होती. ताकही फुंकून पिणारी बाई, पण तेवढ्या दिवशी फुंकायची विसरली. वर अहवालात लिहिलं, 'चिकटपणा कमी, नाजूक त्वचेला सुरक्षित.'

ते सिलिकॉन ज्या पट्ट्यांना होतं, त्या पट्ट्या दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांच्या गालांवर दुधाची नळी धरून ठेवण्यासाठी होत्या. पहिला खोका चाचणीसाठी इस्पितळात गेला होता. तिथेच काचेच्या पेटीत तिची अकरा दिवसांची भाची होती. सातव्या महिन्यात आलेली, कांद्याच्या पापुद्र्यासारखी कातडी. धाकटी बहीण संमतीपत्रावर सही करायला कचरत होती, तेव्हा हिनेच म्हटलं होतं, "डोळे झाकून कर, मी स्वतः मोजलंय." आज तीन वाजता नळी बदलायची होती. म्हणजे पट्ट्या ओढून काढणार.

तिने फोन उचलला आणि परत ठेवला. नव्या सुईनेही आकडा चांगलाच आला तर? मग साहेबांपुढे नाचक्की कशाला, धाकटीच्या जिवाला घोर कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची. आधी मोजू, मग बघू.

तिने नव्या सुयांची डबी उघडली. चिमट्यातून पहिली सुई निसटली ती फरशीवर कुठे गेली ते दिसलंच नाही. दुसरी कडेला लागून मोडली. तिसरी बसली, तर सुईच्या पाठीवर लेझरचा ठिपका पडेना, आणि तो पडल्याशिवाय यंत्र मोजत नाही. वेळ जातोय हे कळत होतं, आणि तरी ती स्क्रू फिरवत राहिली, कारण फोन करण्याची भीती त्याहून मोठी होती.

तीनला वीस मिनिटं कमी असताना त्याच सिलिकॉनवर आकडा आला. गुरुवारच्या चौपट. दुसऱ्या जागी टेकवलं, तिथेही चौपट.

तेव्हा कुठे तिने फोन लावला. "पट्ट्या ओढू देऊ नकोस. तेलाने भिजवून काढायला सांग. माझं मोजमाप चुकलंय." धाकटीची धावती पावलं ऐकू आली आणि फोन बंद झाला.

पुढची पंधरा मिनिटं ती यंत्रासमोरच्या स्टुलावर नुसती बसून होती. साहेब दारात येऊन काहीतरी विचारून गेले. काय विचारलं ते तिच्या कानात शिरलंच नाही.

फोन आला. उजवी पट्टी तेलाने नीट निघाली, असं धाकटीने सांगितलं. डावी आधीच ओढली होती. मसुरीच्या दाण्याएवढी कातडी तिच्याबरोबर आली. बाळ रडरड रडलं. भरून येईल म्हणतात डॉक्टर.

सुईबाईला हुंदका आवरेना. भरून येईल, हे शब्द ती पुन्हा पुन्हा पुटपुटत राहिली.

"ताई," धाकटी म्हणाली, "तुला कधी कळलं?"

आत्ताच, असं म्हणता आलं असतं. शब्द ओठांवर आलाही होता.

"दोन वाजता."

धाकटी म्हणाली, "नर्स अडीचला आली होती."